काही बग दत्तक घ्या: गेम बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गेम बनवणारे सर्व स्टुडिओ, आणि त्यातही दर अपडेटमध्ये काय ठेवायचं नि काय काढायचं हे ठरवणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

एका अपडेटसोबत आलेल्या बदलांच्या लांबलचक यादीत, शेवटाकडे कुठेतरी, एक ओळ होती: ‘उतारावर उडी मारल्यास खेळाडूला अनपेक्षित वेग मिळत असे, ती त्रुटी दूर केली आहे.’ तिच्या वर एका दाराचा रंग दुरुस्त केल्याची नोंद होती आणि खाली कुठल्याशा मेनूमधल्या शुद्धलेखनाची. या दोन नोंदींच्या मध्ये माझे आठ महिने होते.

ती उडी मला एका अनोळखी खेळाडूने शिकवली. सामना संपला होता, बाकीचे निघून गेले होते, आणि तो एकटाच एका टेकाडाच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा तेच करून दाखवत होता. उतारावर पाय टेकतात न टेकतात तोच पुढची उडी, आणि हवेत असताना अंग किंचित वळवायचं. माइक नव्हता, एकमेकांची भाषा ठाऊक नव्हती. मला जमलं नाही की तो थांबायचा, मागे यायचा, पुन्हा सावकाश करून दाखवायचा. पहिल्या आठवड्यात पन्नासात एखादी उडी लागायची. तीन महिन्यांनी दहात सहा-सात. मग एक दिवस विचार न करता बोटं चालू लागली, आणि पाठ झालेला तो नकाशा मला नव्याने दिसू लागला. ज्या टेकाडांना मी इतके दिवस वळसा घालत होते, ती आता वाटा झाली होती. पुढे मीही तिघांना ती उडी शिकवली. तशीच, न बोलता.

अपडेट आलं त्या रात्री मी त्याच टेकाडावर गेले. उडी मारली, पाय टेकले आणि जागच्या जागी थांबले. आजूबाजूला आणखी चार-पाच जण तेच करून पाहत होते. थोड्या वेळाने एकेक जण निघून गेला.

त्या स्टुडिओचं नाव मी लिहीत नाही. एका स्टुडिओशी भांडायला हे पत्र लिहिलेलं नाही, कारण ती ओळ तुमच्यापैकी कुणाच्याही यादीत असू शकली असती. तिथे बसलेल्या माणसाने काही वाईट हेतूने केलं असंही मला वाटत नाही. त्याच्यासमोर तक्रार आली, त्याने कोड उघडला, वेगाचा हिशेब चुकत होता, त्याने तो बरोबर केला. त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं. म्हणूनच तुमच्याशी बोलायचं आहे, ते त्याने कोड उघडण्याच्या आधीच्या क्षणाबद्दल.

खेळाडूंच्या उपयोगी पडणारा बग ठेवावा की काढावा, या प्रश्नाला दोन तयार उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे चूक ती चूक, दिसली की दुरुस्त करायची. दुसरं म्हणजे लोकांना आवडतंय ना, मग हात लावू नका. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की काही बग ठेवलेच पाहिजेत, पण ठेवायचे तर रीतसर दत्तक घेतले पाहिजेत. त्यांना नाव द्या, खेळात जागा द्या, त्यांची जबाबदारी घ्या. बघून न बघितल्यासारखं करणं म्हणजे ठेवणं नव्हे.

तुमच्या या माध्यमाचा पाया अशा दत्तक चुकांवर उभा आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी मला ते पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण रोजच्या कामाच्या रेट्यात ते विसरायला होतं.

1978 साली तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. पडद्यावर 11 च्या 5 रांगा, म्हणजे 55 परग्रहवासी. तेव्हाच्या प्रोसेसरला एवढ्या आकृत्या भराभर हलवणं झेपत नव्हतं. एका वेळी एकच आकृती पुढे सरकायची आणि सगळ्यांची पाळी येईपर्यंत वेळ जायचा. साहजिकच जसजसे शत्रू मरत, तसतसे उरलेले जास्त वेगाने धावू लागत. शेवटचा एकटा उरलेला तर सुसाट सुटायचा. कागदावर पाहिलं तर ही यंत्राची कमजोरी होती. निशिकादोंनी ती सपाट करून टाकली असती, वेग सगळीकडे सारखा ठेवला असता, तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी ती तशीच ठेवली. खेळ पुढे जाईल तसा कठीण होत जातो, ही आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटणारी गोष्ट अनेकांनी पहिल्यांदा अनुभवली ती त्या दमलेल्या प्रोसेसरमुळे.

‘स्ट्रीट फायटर 2’ ची गोष्ट मला याहूनही जवळची आहे. 1991 चा हा खेळ. गाडी फोडायची एक बोनस फेरी तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की एका ठोशाची हालचाल पुरती संपायच्या आत दुसरा ठोसा लागू करता येतो. एकात एक गुंफलेले फटके, ज्यांच्या मध्ये समोरच्याला सुटकाच नाही. त्यांना वाटलं, याची वेळ साधणं इतकं अवघड आहे की फारसं कुणाला जमणार नाही. म्हणून ते राहू दिलं. लोकांना जमलं. इतकं जमलं की 1993 च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर 2’ मध्ये पडद्यावर फटक्यांची मोजणी दिसू लागली आणि त्यासाठी गुण मिळू लागले. अशा गुंफलेल्या फटक्यांसाठीचा कॉम्बो हा शब्द आज लढतींच्या खेळाबाहेरही सगळीकडे वापरला जातो.

मला इथे पहिल्या घटनेपेक्षा दुसरी महत्त्वाची वाटते. 1991 मध्ये चूक राहू दिली गेली. 1993 मध्ये ती दत्तक घेतली गेली. मोजणीचा तो आकडा पडद्यावर आला आणि नवख्या खेळाडूलाही कळलं की इथे काहीतरी शिकण्यासारखं आहे. दोन्हींमधला हा फरक तुम्ही लक्षात ठेवावा, एवढ्यासाठी ही सगळी उजळणी.

असे आणखी कितीतरी. 1997 चा पहिला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ आधी ‘रेस अँड चेस’ अशा धर्तीचा शर्यतीचा खेळ होता आणि तो रटाळ होत चालला होता. पोलिसांच्या गाड्यांच्या कोडमध्ये गडबड झाली, त्या खेळाडूला अडवण्याऐवजी थेट अंगावर येऊ लागल्या, आणि तपासणाऱ्यांना अचानक खेळ सोडवेना. ‘ओनिमुशा’ची चाचणी चालू असताना शत्रूला वार करत हवेतच तरंगत ठेवता येतं असा एक बग दिग्दर्शक हिदेकी कामियांच्या नजरेस पडला, आणि तोच पुढे 2001 च्या ‘डेव्हिल मे क्राय’ची ओळख ठरला. ‘माइनक्राफ्ट’मधला क्रीपर हा प्रसिद्ध राक्षस म्हणजे लांबी आणि उंचीचे आकडे उलटे टाकल्यामुळे बिघडलेलं डुक्कर.

(अशा गोष्टी सांगताना जपावंही लागतं. ‘सिव्हिलायझेशन’मधले गांधी एका आकड्याच्या बगमुळे अणुबॉम्ब टाकत सुटायचे, ही कथा मी कित्येक वर्षं खरी मानून इतरांना सांगत होते. 2020 मध्ये त्या खेळाचे निर्माते सिड मायर यांनी स्वतः आपल्या आठवणींत ती खरी नसल्याचं लिहिलं. मला वाईट वाटलं, पण खोट्या दाखल्याने आपली बाजू मजबूत होत नाही.)

आता तुमच्यातले काही म्हणतील, या सगळ्या चुका खेळ बाजारात येण्याआधी किंवा खेळ घडत असताना सापडल्या. तेव्हा निवड करणं सोपं असतं. खेळ हजारो लोकांच्या हातात गेल्यावर सापडलेल्या बगचं काय? बरोबर आहे. खरा पेच तिथेच आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

‘क्वेक 3 अरेना’ हा 1999 चा खेळ. त्यात तिरकं धावत उड्या मारल्या की ठरवून दिलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेग मिळायचा. हालचालीच्या गणितातली ही फट ‘क्वेक’च्या आधीच्या भागांपासून चालत आली होती आणि लोक त्यात तरबेज झाले होते. खेळाचे प्रमुख प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांचं मत स्पष्ट होतं: हा बग आहे, आणि लोकांनी मेहनतीने तो शिकून घेतला म्हणून तो बरोबर ठरत नाही. त्यांनी तो दुरुस्त करून पाहिला. पण दुरुस्तीनंतर साधं धावणं, साधी उडी यांचीच मजा गेली, हालचाल जड वाटू लागली. शेवटी फट राहिली. पुढे खेळाडूंनी ‘डिफ्रॅग’ नावाचा मॉडच, म्हणजे मूळ खेळात बदल करून बनवलेला वेगळा खेळच उभा केला, ज्यात शत्रू मारायचा प्रश्नच नाही, फक्त या उड्यांनी नकाशा किती लवकर पार होतो एवढंच.

कार्मॅक यांच्याशी मी त्यांच्या पहिल्या वाक्यापाशी सहमत आहे. मेहनत केली म्हणून हक्क मिळतो, असं मीही म्हणणार नाही. माझे आठ महिने हा माझा युक्तिवाद नाही. माझा युक्तिवाद ते दुरुस्ती करायला गेले तेव्हा त्यांना जे दिसलं तो आहे. खेळातली हालचाल हे एक विणलेलं कापड असतं. वरून लोंबणारा धागा ओढला तर कधी तो एकटाच निघतो, कधी अख्खी वीण उसवते. त्यांनी ओढून पाहिला, उसवतंय हे बघितलं आणि हात आवरला. हे ओढून पाहणं तरी व्हायला हवं, आणि ते खेळणाऱ्यांच्या सोबतीने व्हायला हवं.

धागा वेगळ्या हाताने कसा हाताळता येतो, ते ‘ट्राइब्स’मध्ये दिसतं. 1998 च्या ‘स्टारसीज: ट्राइब्स’मध्ये उतारावर सतत उड्या मारत राहिलं तर घर्षण लागतच नसे. खेळाडू डोंगरावरून बर्फावर घसरल्यासारखे घसरायचे. त्याला स्कीइंग म्हणायला लागले. पुढच्या भागांनी हे काढलं नाही. 2012 च्या ‘ट्राइब्स: असेंड’मध्ये तर स्कीइंगसाठी स्वतंत्र बटण आहे आणि नकाशातले उतार घसरण्याचा विचार करूनच आखलेले आहेत. पूर्वी बोटं दुखेपर्यंत बटण बडवावं लागायचं, आता दाबून धरलं की झालं. कौशल्य गेलं नाही. ते बोटातून निघून नजरेत आलं, कुठला उतार धरायचा आणि कुठे सोडायचा यात.

‘वॉरफ्रेम’ या खेळाने तर याहून धाडस केलं. तिथे हवेत घसरत तलवार फिरवली की खेळाडू हेलिकॉप्टरसारखा पुढे फेकला जायचा. लोक त्याला कॉप्टरिंग म्हणत. वेग शस्त्रावर अवलंबून असल्याने लढण्यासाठी नव्हे तर फक्त उडण्यासाठी लोक एखादं शस्त्र जवळ बाळगत. 2015 मध्ये स्टुडिओने कॉप्टरिंग काढून टाकलं, पण त्याच अपडेटमध्ये बुलेट जंप ही नवी हालचाल दिली, जी प्रत्येकाला, कुठल्याही शस्त्रासह करता येते. लोकांना त्या बगमध्ये नेमकं काय आवडत होतं हे त्यांनी ओळखलं. आवडत होता तो वेग आणि मोकळेपणा. शस्त्राची सक्ती कुणालाच नको होती. माझी उडी काढली गेली तेव्हा तिच्या जागी असं काही आलं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पुन्हा त्या टेकाडावर जाऊन नवीन उडी शिकत बसले असते.

याच्या उलट ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या लढतींच्या मालिकेचं झालं. 2001 च्या ‘मेली’मध्ये उडी मारून लगेच तिरपं जमिनीकडे हवाई बगल दिली की पात्र उभ्या उभ्या सरकत जातं. हेच ते वेव्हडॅशिंग. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी नंतर सांगितलं की बनवतानाच ते लक्षात आलं होतं. 2008 च्या ‘ब्रॉल’मध्ये ते काढलं गेलं, आणि कारणही त्यांनी दिलं: नवखे आणि मुरलेले यांच्यातली दरी वाढत चालली होती. हे कारण मी हलक्यात घेत नाही. दरी खरी आहे. पण ‘ब्रॉल’मध्ये त्यासोबत धावता धावता पात्र अवचित ठेचकाळण्याची सोयही आली, म्हणजे कौशल्याच्या जागी नशीब. परिणाम असा झाला की मुरलेले लोक जुन्याच खेळाकडे राहिले. 2013 च्या ‘इव्हो’ या लढतींच्या खेळांच्या स्पर्धेत एका खेळाची जागा देणगीच्या चढाओढीने ठरणार होती, पैसा स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी होता, आणि बारा वर्षं जुन्या ‘मेली’च्या चाहत्यांनी 94 हजार डॉलरहून जास्त रक्कम उभी करून ती जागा मिळवली. एका सरकण्यासाठी हे झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या खेळात अजून शिकण्यासारखं उरलेलं असतं, तो खेळ लोक सोडत नाहीत, एवढं मात्र म्हणते.

मग ठेवावं काय आणि काढावं काय? मी कुठल्याही बगकडे बघताना स्वतःला आधी विचारते, समोरच्याकडे याला उत्तर आहे का? बाकीचं सगळं याच्या मागून येतं. वेव्हडॅश करणारा मला दिसतो, मी त्याची चाल ओळखू शकते, त्याला पकडू शकते. उलट 2013 च्या ‘द इंटरनॅशनल’ या ‘डोटा 2’च्या स्पर्धेत नावी संघाने टॉंगफूविरुद्ध केलेला फाउंटन हुक आठवा. पज या पात्राचा गळासारखा आकडा (हुक) शत्रूला लागतो, त्याच क्षणी चेन हे पात्र आपल्या जोडीदाराला, म्हणजे पजला, तळावर परत पाठवतं, आणि शत्रू अख्खा नकाशा ओलांडून थेट त्यांच्या तळावरच्या प्राणघातक कारंज्यापाशी मरायला जाऊन पडतो. ते साधायला अचूक वेळ लागते, बघताना अंगावर काटा येतो. तरीही ते पुढे काढलं गेलं ते योग्यच झालं असं मी मानते. ज्याला आकडा लागला त्याने त्यानंतर करायचं काय? त्याच्यासाठी खेळ तिथेच संपतो. अवघड असणं पुरेसं नाही.

यालाच जोडून दुसरी गोष्ट, चुकीमुळे खेळ वाढतो की आटतो. रॉकेट जंपमुळे, म्हणजे पायाशी रॉकेट डागून त्याच्या धक्क्याने मारलेल्या उडीमुळे, ‘क्वेक’मध्ये उंचावरच्या जागा खुल्या झाल्या, आणि त्या बदल्यात स्वतःच्या रॉकेटचा मार खावा लागतो, म्हणजे दर वेळी सौदा करावा लागतो. नाणी किंवा वस्तू दुप्पट करणारे बग मात्र सगळ्या वाटा बंद करून एकच वाट ठेवतात. एकट्याने खेळायच्या खेळात कुणी हिरे दुप्पट करत असेल तर माझं काही म्हणणं नाही, तो त्याचा खेळ आहे. पण जिथे सगळ्यांचा मिळून एकच बाजार असतो, तिथे असा बग ज्यांनी वापरला नाही त्यांचे कष्ट पुसून टाकतो. ते बग त्याच दिवशी काढा. जतन केलेला खेळ खराब करणारे, इतरांना सर्व्हरबाहेर फेकणारे, कुणाची माहिती उघडी पाडणारे बग यांच्याबद्दल तर बोलायचीही गरज नाही.

सप्टेंबर 2005 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कार या शत्रूचा रक्तदोष त्याच्या अड्ड्यातून पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पसरला आणि नवखी पात्रं पटापट मरू लागली. तो दोष काढावाच लागला. पण तेव्हा खेळाडू कसे वागले, कोण मदतीला धावलं, कोण मुद्दाम रोग घेऊन गर्दीत शिरलं, यावर 2007 मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’मध्ये लेख आला. काढलेल्या बगचीही नोंद ठेवावी असं मला वाटतं, ते यामुळे.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. मी तिघांना ती उडी शिकवली असं वर लिहिलं. चौथ्या मैत्रिणीला नाही शिकवू शकले. तिच्या मनगटाला जुनं दुखणं आहे. तिने दोन आठवडे प्रयत्न केला आणि मग म्हणाली, तुम्ही सगळे वर टेकाडावर असता आणि मी खाली एकटी असते. ती उडी गेली तेव्हा तिला बरं वाटलं असणार, आणि तिचं चुकत नव्हतं. मी तिच्या या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. ‘एपेक्स लेजेंड्स’च्या स्टुडिओने 2021 मध्ये टॅप-स्ट्रेफिंग, म्हणजे हवेत असताना झटक्यात दिशा बदलणं, काढायचं जाहीर केलं तेव्हा हीच कारणं दिली होती: ते सगळ्यांच्या आवाक्यात नाही, समोरच्याला त्याचा अंदाज येत नाही, आणि इतर क्षमतांसोबत ते फार बळावतं. माउसचं चाक फिरवून होणारी ती चाल कंट्रोलरवाल्यांना जमणं कठीणच होतं. नंतर दुरुस्तीचे भलतेच परिणाम दिसल्यावर त्यांनी ती लांबणीवर टाकली, तेही सांगून. त्यांचा निर्णय मला पटला असो वा नसो, खेळाडूंना कारण सांगण्याइतकं त्यांनी मोठं मानलं, याबद्दल मला आदर आहे.

आणि मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला ‘ट्राइब्स’च्या त्या बटणातच सापडतं. बग लपून राहतो तेव्हाच तो सर्वांत अन्यायकारक असतो. ज्यांना वेळ आहे, ज्यांची बोटं धड आहेत, ज्यांच्या ओळखीत सांगणारं कुणी आहे, त्यांनाच तो मिळतो. तुम्ही त्याला खेळात घेतलंत की तो शिकवता येतो, बटण बदलता येतं, दाबून धरायची सोय देता येते. ‘टीम फोर्ट्रेस 2’मध्ये रॉकेट जंपचा सराव करता यावा म्हणून काहीच इजा न करणारा रॉकेट लाँचर दिलेला आहे. नवख्याने घाबरू नये म्हणून कुणीतरी बसून तो बनवला. त्या माणसाचे मला आभार मानायचे आहेत.

अर्धवट ठेवण्याचा त्रास ‘माइनक्राफ्ट’वाले चांगला ओळखतात. पिस्टन म्हणजे दुसऱ्या ठोकळ्यांना ढकलणारा ठोकळा. त्याला वीज द्यायची तर ती पिस्टनपाशी पोचली पाहिजे. पण जावा आवृत्तीत पिस्टनच्या वरच्या रिकाम्या जागेला मिळालेली वीजही त्याला चालते, जणू तो दोन ठोकळ्यांचा उंच दरवाजा आहे. रेडस्टोनवर, म्हणजे खेळातल्या या विजेवर, यंत्रं उभारणाऱ्यांची कित्येक कामं या विचित्रपणावर चालतात आणि जावा आवृत्तीत आता तो अपेक्षित वर्तन म्हणूनच धरला जातो. हे छान झालं. मात्र बेडरॉक आवृत्तीत तो नाही. मुलं एका आवृत्तीतलं यंत्र बघून दुसरीत तसंच्या तसं उभारतात आणि ते का चालत नाही म्हणून तासन्‌तास डोकं फोडतात. खेळात कुठेही त्यांना हे कुणी सांगत नाही. नियम म्हणून मान्य केलंत, तर नियमासारखं शिकवा.

जुने खेळ नव्याने काढणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. 2011 मध्ये ‘ऑकरिना ऑफ टाइम’ 3डीएस या हातात धरायच्या यंत्रासाठी पुन्हा बनवताना, ज्यांच्यामुळे खेळ अडत नाही असे जुने बग शक्य तितके राहू दिले गेले, कारण मूळ खेळ खेळलेल्यांना त्यांची मजा ठाऊक होती. 2017 च्या ‘स्टारक्राफ्ट: रीमास्टर्ड’ने चित्रं नवी केली पण खेळ तसाच ठेवला, त्यामुळे म्युटालिस्क या उडत्या प्राण्यांचा थवा एका ठिपक्यात दाबून धरायची जुनी खुबी अजून चालते. उलट 2020 च्या ‘सुपर मारिओ 3डी ऑल-स्टार्स’मध्ये ‘सुपर मारिओ 64’ ची 1997 ची सुधारित जपानी आवृत्ती वापरली गेली. तिच्यात मागे तोंड करून जिने चढणारी ती लांब उडी आधीच बंद केलेली होती. स्पीडरन करणाऱ्यांच्या, म्हणजे खेळ कमीत कमी वेळात संपवणाऱ्यांच्या, कित्येक वर्षांच्या अभ्यासाचा पायाच तिच्यात नाही. निदान दोन्ही आवृत्त्या द्यायच्या होत्या.

माझं मागणं फार मोठं नाही. एखादा बग लोक वापरतायत असं दिसलं तर दुरुस्तीआधी काही दिवस तो वापरणाऱ्यांसोबत खेळा. नुसती त्यांची चित्रफीत बघून भागणार नाही, त्यांच्यासोबत सामन्यात उतरा. ठेवायचा ठरवलात तर सरावाच्या विभागात आणा आणि पुढच्या अपडेटमध्ये तो अपघाताने मोडत नाही ना हे दर वेळी तपासा, जसं बाकीच्या फीचरचं तपासता. काढायचा ठरवलात तर एक महिना आधी सांगा, कारण लिहा, आणि जमेल तिथे जुनी आवृत्ती खाजगी सर्व्हरवर खेळण्याची मुभा ठेवा. दाराच्या रंगाच्या आणि शुद्धलेखनाच्या मध्ये ती ओळ ढकलू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक खेळाडू

ता. क. अपडेट येण्याच्या आदल्या आठवड्यात मी त्या उडीचं चाळीस मिनिटांचं चित्रण करून ठेवलं होतं, मैत्रिणीला कुठे अडतंय हे दाखवायला. पहिली पंधरा मिनिटं नुसती चुकलेल्या उड्यांची आहेत. त्या खेळावर काम करणाऱ्यांपैकी कुणाला ती परत आणून पाहायची असेल, माझ्या मैत्रिणीच्या मनगटालाही पेलेल अशा बटणासह, तर मी ते चित्रण आनंदाने पाठवीन आणि हवी तितकी रात्र चाचणीला बसेन.